शेजारच्या बंगल्यातला गोल्डन व्हिसा

किस्से कुणी साठवत नाही, ते साचतात. आमच्या कॉलनीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं. टाकीत गाळ नकळत बसत जातो आणि धुवायला उतरल्यावर कळतं, अगं माय, एवढा झाला! माझ्याकडं तसाच दोन वर्षांचा साचलाय. अन् तो सगळा एकाच घरातला. आमच्या शेजारच्या.

मी मुद्दाम कान लावत नाही. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या धुण्याच्या दगडासमोर उघडते आणि मला अजून चांगलं ऐकू येतं, एवढाच माझा गुन्हा.

शेजारी म्हणजे गोविंदराव. लातूरला दालमिल आहे त्यांची. सोमवारी जातात, शनिवारी नांदेडला परत. बायको सुनंदा, माहेर कंधारचं, शाळा सातवीपर्यंत. एकुलता एक निखिल, पुण्याला शिकून आलेला. बंगला दुमजली, पण माणसं साधी. सुनंदाची अन् माझी सव्वीस वर्षांची सोबत. तिच्या घरचं विरजण संपलं तर ती दुकानात जात नाही, भिंतीवरून हात पुढं करते.

अन् ही बाई आता समुद्राकाठच्या कुठल्याशा देशात राहायला जाणार म्हणे! देशाचं नाव लिहीत नाही. सुनंदानं शपथ घातलीय.

*

सुरुवात झाली ती लातूरच्या दुसऱ्या एका दालमिलवाल्यामुळं. त्यानं गोल्डन व्हिसा घेतला. म्हणजे काय, तर त्या देशात मोठी रक्कम टाकायची, तिथं एक घर घ्यायचं, की ते लोक तुम्हाला, तुमच्या बायकोला, लेकराला तिथं राहायचा परवाना देतात. नोकरी नको, परीक्षा नको.

शनिवारी गोविंदराव आले ते तणतणतच.

"त्याच्याकडं हाय अन् आपल्याकडं न्हाई, हे बरं दिसतं का?"

सुनंदाला वाटलं नवीन मशिनरी असेल. म्हणाली, "मग घ्या की. पण ठेवणार कुठं? गोडाऊन तर भरलेलं हाय."

*

फॉर्म आला. निखिलनं मोबाईलवर वाचायला सुरुवात केली. वरच लिहिलेलं, विदेशी नागरिकांसाठी.

गोविंदराव खुर्चीतून उठले. "विदेशी? कोण विदेशी? आमच्या सात पिढ्या देगलूरच्या! चुकीचा फारम काढलास तू."

आमचे हे जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले. कुठंही फॉर्म दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. हे म्हणाले, "गोविंदराव, त्यांच्या बाजूनं बघितलं तर आपणच फॉरेनर."

गोविंदराव परत खुर्चीत टेकले. मग हळूच विचारलं, "मग फॉरेनरला ते घर महाग देतात का?"

निखिल म्हणाला, "हो पप्पा. तिथल्या माणसाला जेवढ्याला मिळतं त्याच्यापेक्षा जास्तच पडतं."

गोविंदरावांचा चेहरा खुलला. "म्हंजे सगळं आपल्यासारखंच हाय की! भरून टाक."

*

एजंट हैदराबादचा. त्याला एजंट म्हटलेलं चालत नाही, कन्सल्टंट म्हणायचं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, पैसा कुठनं येणार?

पैसा येणार होता लातूरच्या रिंग रोडवरचा प्लॉट विकून. तो प्लॉट घेतला तेव्हा सीएनं सांगितलं होतं, बाईच्या नावावर घ्या, टॅक्सला बरं पडतं. म्हणून तो सुनंदाच्या नावावर. तिला हे माहीतही नव्हतं. ती आपली कुठं सही करायची तेवढं विचारते आणि करते.

कन्सल्टंट स्पीकरवर म्हणाला, "देखो सेठ, पैसा मॅडम का है, तो मेन अ‍ॅप्लिकंट मॅडमच होते. आप अन् बच्चा डिपेंडंट."

गोविंदरावांनी निखिलकडं बघितलं. "डिपेंडंट म्हंजे?"

"म्हणजे पप्पा... आईवर अवलंबून असलेले."

माझ्या हातातलं धुणं तसंच राहिलं! एवढा मोठा माणूस, शंभर हमालांना आवाज देणारा. आता काय होतंय अन् काय नाही!

आतून पोळ्या लाटता लाटता सुनंदाचाच आवाज आला, "ह्यात नवीन काय हाय? आंघोळीला बसल्यावर टॉवेल कुठं हाय ते बी मलाच विचारतात."

*

मग कागदपत्रं. ह्या कागदांनी दोन्ही घरं बेजार केली. आमचंही, कारण फायली लावायला आमचे हे होतेच.

आमच्या भागात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवीन नाव लिहायचं, की झालं. माहेरचं नाव माहेरी राहतं. सुनंदा मूळची द्वारका. शाळेच्या दाखल्यावर द्वारका, प्लॉटच्या रजिस्ट्रीवर सुनंदा.

तिकडच्या ऑफिसातून पत्र आलं. सुनंदा यांची कागदपत्रं मिळाली, आभारी आहोत. परंतु द्वारका या कोण? त्या हयात असल्यास त्यांची संमती जोडावी. नसल्यास मृत्यूचा दाखला.

निखिलनं त्यांना तीन ईमेल लिहून सगळी रीत समजावून सांगितली. त्यांनी उलट विचारलं, तो तांदूळ कुठल्या सरकारी कार्यालयात जमा आहे?

शेवटी ठरलं की ताट धरणारा माणूस साक्षीला आणायचा. तो निघाला बिलोलीचा मामा, वय पंच्याऐंशी. गाडी पाठवून आणला. मामा नोटरीसमोर ताठ बसले आणि म्हणाले, "हाव, ताट मीच धरलं होतं. नवरदेवानं आधी 'सविता' लिहिलं. दहाएक मिनिटांनी कुणीतरी म्हणालं, चुलतजावेचं नाव तेच हाय. मग हातानं पुसलं अन् सुनंदा लिहिलं."

सुनंदा बघतच राहिली. तिलाही हे नवीन होतं. दहा मिनिटं ती सविता होती!

नोटरीनं सविता काही कागदावर घेतली नाही. बाकीचं टाईप केलं, की द्वारका व सुनंदा ही एकच व्यक्ती असून ती मीच आहे. कागद पुढं सरकवला. "हं, बाई, करा सही."

सुनंदानं पेन उघडलं, टेकवलं, उचललं.

"कुणाची करू?"

*

आता माझ्या हातून झालेली चूक. लपवत नाही, सगळ्या कॉलनीला माहीतच आहे.

एक दिवस दुपारी साध्या कपड्यातला एक माणूस आला. हातात फाईल. शेजारी कुलूप होतं, म्हणून माझं दार वाजवलं. विचारतो, "शेजारचे लोक कसे आहेत? किती वर्षांपासून राहतात? काम काय करतात?"

मला वाटलं, इन्कम टॅक्सवाला! प्लॉट विकल्याचा वास लागला वाटतं. अशा वेळी शेजाऱ्यानं नाही झाकायचं तर कुणी झाकायचं?

मी पदर सावरून म्हणाले, "साहेब, लई गरीब आहेत हो बिचारे. बंगला दिसतो तेवढाच. दालमिल तर चालतच नाही. परवा माझ्याकडनंच वाटीभर साखर नेली."

त्यानं सगळं लिहून घेतलं. वर विचारलं, "म्हणजे परिस्थिती हलाखीची?"

मी डोळ्याला पदर लावला. "बघवत नाही हो."

तो पोलीस होता. व्हिसासाठी चौकशीला आलेला.

श्रीमंत म्हणून ज्यांना परवाना मिळायचा, त्यांच्या फाईलला लागला शेजाऱ्यांचा जबाब, कुटुंबाची परिस्थिती हलाखीची! ते दुरुस्त करायला महिना गेला. मला ठाण्यात जाऊन लिहून द्यावं लागलं की माझे शेजारी चांगले श्रीमंत असून मी प्रेमापोटी खोटं बोलले.

गोविंदराव रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "वैनी, साखरंचं तरी खरं होतं का?"

*

तिकडचं घर मोबाईलवरच बघितलं. तिथली एक पोरगी फोन हातात धरून खोल्या दाखवत फिरत होती. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या फरश्या, समोर निळाशार समुद्र. मी अन् सुनंदा सोफ्याच्या मागं उभ्या राहून बघत होतो.

गोविंदरावांनी विचारायला लावलं, "टाकी किती लिटरची हाय? बोअर हाय का? लाईट गेली तर?"

पोरगी म्हणाली, लाईट जात नाही. गोविंदरावांचा विश्वास बसला नाही. निखिलला म्हणाले, "परत विचार, भाषा कळाली नसंल तिला."

वास्तू बघायला उदगीरचे आचार्य दुसऱ्या फोनवर. त्यांची निम्मी मराठी कानडी वळणाची. होकायंत्र धरायला लावलं, दार कुठल्या तोंडाला ते बघितलं आणि म्हणाले, "दक्षिण आहे की हो हे. नको."

निखिल काकुळतीला आला. "गुरुजी, दुसरीकडून दार काढता येत नाही. मागं जिना आहे, उजवीकडं दुसऱ्याचं घर, डावीकडं समुद्र."

आचार्यांनी होकायंत्र पुन्हा एकदा फिरवायला लावलं. मग म्हणाले, "दुसऱ्याचं घर तर हलत नाही. समुद्राचं काही होतंय का बघा."

*

आमच्या कॉलनीत कुणी दूरदेशी निघालं की घरोघरी जेवायला बोलावतात. पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला ओटी अन् साडी. सुनंदाला पहिल्या वर्षी दिवाळीत निरोप दिला. सगळ्यांनी डोळे पुसले. मीही पुरणपोळ्या केल्या.

मग ते द्वारकेचं पत्र आलं. गेलेच नाहीत.

उन्हाळ्यात नक्की झालं. पुन्हा जेवणं, पुन्हा साड्या. तेव्हा माझी हलाखी नडली.

तिसऱ्यांदा निरोप दिला तेव्हा कुणाला रडू आलं नाही. साध्या वरणभातावर भागवलं. समोरच्या शकुबाई तर तोंडावरच म्हणाल्या, "सुनंदा, आता एक तर जा, न्हाई तर ती हिरवी साडी तरी परत दे. माझ्या भाचीचं लग्न हाय."

सुनंदानं खरंच दिली! घडीही मोडलेली नव्हती.

*

त्याच आठवड्यातली गोष्ट. सुनंदा भिंतीपाशी आली, विरजणाची वाटी घेऊन. घेतलं, पण गेली नाही.

मी म्हटलं, "काय गं?"

"लताताई, तिथं भिंत न्हाई बगा."

"कसली भिंत?"

"घराच्या अन् शेजारच्या मधली. बाल्कनीत काच हाय नुसती. पलीकडं कोण राहतं म्हणून त्या पोरीला विचारायला लावलं. ती म्हणाली, कुणीच न्हाई. ज्यांनी घेतलंय ते बी तुमच्यासारखेच, परवान्यापुरते. सगळी बिल्डिंग कुलूपबंद हाय म्हणे."

मी विचारलं, "तुला जायचंय का पण?"

ती हसली. दमल्यासारखी. "दोन वर्षांत तुम्हीच पहिल्यांदा विचारलं."

"मग सांग की त्यांना."

"कसं सांगू? निखिलनं तिकडची भाषा शिकायला घेतली. हे तर लातुरात सगळ्यांना सांगून बसलेत. त्या दालमिलवाल्याच्या तोंडावर सांगितलं, पुढच्या पाडव्याला आम्ही तिकडं. आता मी न्हाई म्हटलं तर ह्यांनी मान खाली घालून बाजारात हिंडायचं का? मेन का फेन मीच हाय. मी नसले तर दोघांचं बी रद्द."

वाटी घेऊन गेली. मला त्या दिवशी काही सुचेना. भाजीत मीठ दोनदा पडलं. हे न बोलता जेवले, म्हणजे ह्यांनाही कळलं असावं.

*

शेवटचं राहिलं होतं ते इंटरव्ह्यू. तिकडची बाई कॉम्प्युटरवर येणार, मेन अ‍ॅप्लिकंटशी बोलणार. मधे एक दुभाषी, मराठी बोलणारी. हे पास झालं की परवाना पक्का.

कन्सल्टंटनं बारा प्रश्न आणि बारा उत्तरं पाठवली. आठ दिवस पाठांतर! मी कपडे धूत असायची अन् खिडकीतून आवाज यायचा, "आपल्या देशाची संस्कृती, हवामान व सुरक्षितता यांमुळे आम्ही प्रभावित झालो." मलाही पाठ झालं. आजही झोपेतून उठवलं तर म्हणून दाखवीन.

त्या दिवशी सुनंदा इरकल नेसली. डायनिंग टेबलवर लॅपटॉप. नियम असा होता की दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, दिसायचं नाही. म्हणून गोविंदराव आणि निखिल स्वयंपाकघराच्या पडद्यामागं, अन् मी लॅपटॉपच्या मागच्या बाजूला खुर्ची टाकून. सुनंदाच म्हणाली होती, "तुम्ही समोर असल्या की मला बोलता येतं."

लॅपटॉपवरची बाई मला दिसत नव्हती, आवाज ऐकू येत होता. गोड होता. दुभाषी पोरगी पुण्याकडची वाटत होती, एकेक अक्षर धुऊन पुसून ठेवल्यासारखं.

"नमस्कार मॅडम. आपण घाबरू नका हं. आपलं नाव सांगाल?"

"सुनंदा. आधीची द्वारका." मधली दहा मिनिटांची सविता तिनं गाळली.

"आपण ही रक्कम कुठून उभी केली?"

"लातूरचा प्लॉट इकून."

पडद्यामागं गोविंदरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला तो मला ऐकू आला. चार प्रश्न झाले, पाच झाले. सुनंदा घडाघडा. निखिलनं पडद्यातून अंगठा वर केलेला दिसला.

मग ती गोड आवाजाची बाई काहीतरी लांबलचक बोलली. पाठ केलेल्या बारात ते नसावं, कारण निखिलचा अंगठा खाली गेला.

दुभाषी म्हणाली, "मॅडम विचारत आहेत, आतापर्यंत आपण आपल्या पतीबद्दल आणि मुलाबद्दल सांगितलंत. आपल्याला स्वतःला आमच्या देशात यावंसं वाटतं का? मोकळेपणानं सांगा."

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार? मी नुसती बसले होते. हवामान, संस्कृती, सुरक्षितता, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हटलं असतं तर तिनं उचललं असतं. मी तोंड मिटून घेतलं.

स्वयंपाकघराचा पडदा हलायचा थांबला.

सुनंदानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि लॅपटॉपच्या जरा जवळ सरकली, भिंतीपाशी सरकते तशी.

"हे बघा बाई, मला न्हाई यायचं. मी हितं बरी हाय. पण ह्या दोघांना लई हौस हाय, दोन वर्षं झाले मागं लागून राहिलेत. तर असं करा, पैसे माझे ठेवून घ्या, अन् ह्या दोघांना ठेवून घ्या."



मग दुभाषी पोरगी हळूच म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिची अक्षरं जरा अडखळली, "मॅडम... हे असंच सांगू का त्यांना?"

"हाव, असंच सांगा." सुनंदा उठायला लागली, परत खाली बसली. "अन् ह्यांच्या चहात साखर घालू नका म्हणावं. लई मागतील, पण देऊ नका. शुगर हाय."